फोटोतलं नाक

४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,

नमस्कार. हे पत्र एकटी असताना वाच. भाऊजींना वाचून दाखवायला सांगू नकोस, ते वाचतात म्हणजे गल्लीला ऐकवतात. फोन केला नाही तोही त्याचसाठी. फोनवर तुला ऐकू येत नाही, मग भाऊजी मध्ये पडून माझं वाक्य तुझ्या कानात ओरडतात, आणि पलीकडच्या खोलीतून आई विचारते, कुणाला काय झालं. यावेळी तिने ते विचारायला नको आहे.

माझ्या नाकाच्या डाव्या बाजूला, चष्म्याचा नोजपॅड टेकतो तिथे, एक घट्टा होता. तू पाहिला असशील. तीन वर्षं मी त्याला चष्म्याचाच घट्टा समजत होते. माझा धंदाच तो. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, पॅड वाकवायचे, काडी कानामागे वळवायची. कुणी नाक चोळत आलं की मी म्हणते, पॅड रुततोय, द्या इकडे. तसंच स्वतःलाही म्हटलं. पॅड वाकवला, मग सिलिकॉनचा लावला, मग फ्रेमच बदलली. घट्टा काही जाईना. दुखत नव्हता. उलट तिथे बधिर वाटायचं, आणि मला वाटलं, चला, निबर झालं.

शेवटी दुकानात एका गिऱ्हाइकाने हटकलं, बाई कातडीच्या डॉक्टर होत्या. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर आहे. घामाच्या ग्रंथींमधून उगवणारा, फार क्वचित होणारा. वरून मसुराच्या डाळीएवढा दिसतो आणि आतून हरळीसारखा मुळं पसरत जातो, नसेच्या कडेकडेने. सहसा दुसरीकडे जात नाही म्हणे, पण आहे तिथलं खात सुटतो. म्हणजे जीव वाचेल, नाकाचं सांगता येत नाही.

आता तुझ्याकडे काम. चेहरा पुन्हा उभा करणारे सर्जन म्हणाले, घट्टा येण्याआधीचा एक समोरून काढलेला फोटो आणा, त्यावरून बांधू. माझ्याकडे ओळखपत्रावरच्या टिकलीएवढ्या फोटोंशिवाय काही नाही. आपल्या घरात सगळे फोटो भाऊजींनीच काढलेले आणि तुमच्याकडेच राहिलेले. एक चांगला शोधून पाठव.

आईला सांगू नकोस. तिला झेपायचं नाही. आणि खरं सांगू का, मला माझ्या नाकाची भीती तेवढ्यासाठीच वाटते. मागच्या खेपेला दारात मला बघून ती जरा वेळ थांबली होती, आठवतं? मग म्हणाली, नाकावरून ओळखलं, यांचं नाक. बाबांचं नाक गेलं तर ती मला कशावरून ओळखणार?

तुझी,
बेबी


११ फेब्रुवारी

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र न्हाणीघरात कडी लावून वाचलं. इतका वेळ लागला की यांनी दार वाजवायला सुरुवात केली. तीन वर्षं! लोकांचे डोळे तपासायला बसतेस आणि स्वतःच्या नाकाखालचं, म्हणजे नाकावरचंच, दिसलं नाही तुला? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. माझ्यासमोर असतीस तर आधी एक धपाटा घातला असता, मग जवळ घेतलं असतं.

फोटो सोबत आहे. यांना सांगावंच लागलं, नाहीतर कपाट कसं उघडणार? पण शपथ घातली आहे, आणि स्टुडिओ बंद झाल्यापासून यांना कुणी काही विचारलंच नाही, त्यामुळे काम मिळाल्यावर माणूस खूश. चार फोटो काढून बाजूला ठेवले, हा निवडला. तू नुकती दुकानात लागलीस तेव्हाचा. किती छान दिसत होतीस गं. सर्जनला म्हणावं, हुबेहूब हेच पाहिजे, उन्नीस-बीस चालणार नाही.

मला यायचं आहे, पण आईला सोडून निघता येत नाही. यांच्या हातून ती औषध घेत नाही. यांना ती हल्ली 'फोटोवाले' म्हणते आणि पदर सावरून बसते. बाकी बरी आहे. दुपारी जरा गोंधळते, एवढंच. तुझं विचारते अधूनमधून. बेबी कधी येणार? मी सांगितलं, दुकानातर्फे शिकायला पाठवलं आहे तिला, नव्या मशीनचं. म्हणाली, या वयात? मी म्हटलं, हो. म्हणाली, हुशारच आहे ती. आणि मला कधी हुशार म्हणाली नाही जन्मात.

ऑपरेशन झालं की कुणाकडून तरी चार ओळी लिहवून घे.

तुझी,
ताई


५ मार्च

ती. सौ. ताईस,

नमस्कार. अक्षराला हसू नकोस. चष्मा लावायला बंदी आहे, भिंग एका हातात धरून लिहिते आहे, आणि कागद सरकतो.

झालं. म्हणजे अर्धं झालं. त्यांची पद्धत अशी की पातळ थर कापतात, जखमेवर पट्टी बांधून बाहेर बसवतात, आणि तो थर आत सूक्ष्मदर्शकाखाली कडेकडेने तपासतात. जिथे मूळ सापडेल तिथलाच पुढचा थर. पुन्हा बोलावतात. बाहेर सगळे आम्ही पट्टीवालेच, कुणाचा कान, कुणाची पापणी. एक आजोबा म्हणाले, आपण सगळे मारामारी करून आल्यासारखे दिसतो. दार उघडून नर्स नाव घेते तेव्हा जो तो मान खाली घालतो, शाळेत गणिताचे मास्तर बघायला लागले की घालायचो तशी. माझं नाव फार वेळा आलं. घट्ट्याचं निमित्त, डावी बाजू गेली, मग नाकाचा दांडा ओलांडून पलीकडे, मग खाली नाकपुडी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि म्हणाले, आता कडा स्वच्छ आहेत. मी विचारलं, उरलं किती? ते म्हणाले, आपण बांधू.

बांधकाम असं. कानामागची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, काढून दांडा केला. कपाळाची कातडी एका बाजूने जोडलेली ठेवून, खाली वळवून त्यावर पांघरली. रक्त कपाळाकडूनच येतं म्हणून ती पट्टी निदान तीन-चार आठवडे तोडता येत नाही. तोवर भुवईपासून नाकापर्यंत मला सोंड आहे. शेजारणीने डबा आणून दिला तो दाराच्या फटीतून घेतला. आरशाचा त्रास नाही, चष्म्याशिवाय मी मला धुकंच दिसते.

दुखत वगैरे काही नाही. फक्त कंटाळा आला आहे, ताई. उठायचा कंटाळा, पट्टी बदलायचा कंटाळा, लोकांनी 'धीर धरा' म्हणण्याचा कंटाळा. जोपर्यंत कापत होते तोपर्यंत भीती होती, भीतीने माणूस ताठ तरी बसतो.

सर्जन तरुण आहे, मला मावशी म्हणतो. तू पाठवलेला फोटो भिंतीला लावून त्याने टाचणीटाचणीने मापं घेतली. मी त्याला सांगितलं की माझी आई नाकावरून ओळखते मला. म्हणाला, मग चुकून चालणारच नाही. मनापासून करतो पोरगा.

आई कशी आहे ते नीट लिही. 'बरी आहे' असं लिहू नकोस.

तुझी,
बेबी


१३ मार्च

चि. बेबीस आशीर्वाद.

आई बरी आहे.

खरंच बरी आहे, रागवू नकोस. खाते, झोपते, सकाळी खिडकीशी बसते. समोरच्या घरातल्या बाईला हात करते. कालच मला म्हणाली, तुम्ही किती करता माझं. मी म्हटलं, करायलाच पाहिजे. तर तुझी घाई नको, तुझी ती सोंड बिंड पडू दे, नाक वाळू दे, मग ये.

दुखत नाही म्हणतेस ते मला पटलं नाही. लहानपणी पाटा पायावर पडला तेव्हाही तू दुखत नाही म्हणाली होतीस आणि नख गेलं होतं. पण नसेल सांगायचं तर नको सांगूस. मीही आता कुणी दुखतं म्हणालं की काय बोलायचं ते विसरले आहे. दिवसभर एकच बोलते: तोंड उघड, गिळ, पाय उचल. संध्याकाळी यांनी विचारलं, चहा घेतेस? मी म्हटलं, तोंड उघड. दोघेही हसलो, मग मी बराच वेळ रडले. वेड्यासारखं. तुला उगाच सांगितलं.

यांनी विचारलं आहे, फोटो उपयोगी पडला का.

तुझी,
ताई


७ एप्रिल

ती. सौ. ताईस,

भाऊजींना सांग, फोटो फारच उपयोगी पडला.

परवा सोंड कापली. कपाळ शिवलं, नाकाच्या कडा बसवल्या. काल पट्टी उतरवली आणि सर्जन म्हणाला, मावशी, बघा. मी भिंग डोळ्याशी धरलं. नाक छान आहे, ताई. सूज आहे, टाके आहेत, रंग कपाळाचा आहे, तरी कुणीही छान म्हणेल असं सरळ, नीटस. फक्त माझं नाही.

मला वाटलं, सुजेमुळे असेल. घरी आल्यावर बंदी असूनही चष्मा हळूच टेकवून पाहिला. घट्ट्यापायी बदलली ती जुनी फ्रेम, पॅड माझ्याच हाताने वाकवलेले, वीस वर्षांत कधी एवढीशीही न घसरलेली. सरळ खाली घसरली. दांडा अरुंद आहे. सूज उतरल्यावर आणखी अरुंद होईल. गिऱ्हाइकाचं असतं तर डोळे मिटून सांगितलं असतं की या बाईने दुसऱ्याची फ्रेम आणली आहे.

आज गेले आणि भांडले त्याच्याशी. बिचारा गोरामोरा झाला. त्याने भिंतीवरचा फोटो काढून माझ्या हातात दिला, मापाची पट्टी दिली. म्हणाला, तुम्हीच मोजा. मी मोजलं. केसभराचा फरक नाही. मग भिंग लावून फोटो नीट पाहिला. नाकाच्या दोन्ही कडांना ती बारीक बारीक पेन्सिल. भाऊजींची. स्टुडिओत बसून काचेवर ठेवलेल्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवायचे ते; पेन्सिल फिरली की फोटोत तेवढी जागा उजळ येते, कड गालात मिसळून जाते. लग्नाळू मुलींच्या पुळ्या पुसायचे, म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या पुसायचे, आणि बाबांचं नाक आपल्या सगळ्यांच्या तोंडावरून पुसून टाकलं माणसाने!

मी तिथेच हसायला लागले. टाके ओढले जात होते तरी थांबता येईना. सर्जनला कळेना की हसते आहे की रडते आहे. मलाही कळत नव्हतं.

तो म्हणतो, दुरुस्त होईल. चार-पाच महिने थांबायचं, मग बरगडीची कूर्चा काढून दांडा रुंद करायचा. आणखी दोन ऑपरेशनं, कदाचित तीन. बाबांचा एखादा खरा फोटो आणा म्हणाला. आहे का गं असा एखादा?

मी थकले आहे. पण हे नाक घेऊन आईसमोर कशी उभी राहू?

बेबी


१५ एप्रिल

चि. बेबीस,

तुझं पत्र यावेळी यांनाच वाचायला दिलं. दुपारभर जेवले नाहीत. मग सगळी कपाटं उपसली, ट्रंकेतल्या निगेटिव्ह खिडकीशी धरून एकेक पाहत बसले. एकही सोडलेला नाही, बेबी. बाबा, तू, मी, आत्या. माझ्या लग्नातला माझा फोटो, तोसुद्धा. मी विचारलं, अहो, माझंही? म्हणाले, मला तुम्ही सगळे चांगले दिसायला हवे होतात.

आणि मला हसू नकोस, पण मला खरंच माहीत नव्हतं. त्यांची पेन्सिल माहीत होती, पण ती गिऱ्हाइकांसाठी असं धरून चालले होते. तुझा फोटो पाहिला तेव्हा मला काही वावगं वाटलंच नाही. वाटलं, हीच आपली बेबी. तुझा चेहरा मीही भिंतीवरूनच पाठ केला होता की काय कोण जाणे. यांनी तुझी माफी मागितली आहे. ती मी तुला पोचवते आणि तू ती घेऊन टाक, कारण हे माझ्या समोर बसून माझं नाक बघत आहेत आणि मला काम सुधरत नाही.

आता ऑपरेशनचं. आधी मी लिहायला बसले ते 'कर' म्हणून. बरगडी काय, अजून चार महिने काय, कर आणि बाबांचं नाक घेऊन ये, असं लिहून एक पान झालं होतं. ते फाडलं. कारण तू म्हणालीस नीट लिही आणि मी नीट लिहिलं नव्हतं.

आई मला ओळखत नाही. एखाद्या दुपारपुरतं नाही, बरेच दिवस झाले. 'तुम्ही किती करता माझं' हे ती मला नर्सबाई समजून म्हणाली होती. माझ्याही तोंडावर बाबांचंच नाक आहे ना? शाबूत, रुंद, पेन्सिल न लागलेलं. रोज पहाटे तिच्यासमोर घेऊन जाते. काही उपयोग नाही. तुझं नाव मात्र अजून घेते. चार महिन्यांनी घेईल की नाही मला सांगता येत नाही.

तू काय करावंस ते मला कळत नाही. मोठी असून मला कळत नाही, याचीच लाज वाटते.

ताई


२० एप्रिल

ताई,

पुढच्या रविवारी येते आहे. आहे ते नाक घेऊन. सर्जनला सांगून आले की दुरुस्ती नको. तो म्हणाला, विचार करा. म्हटलं, केला. तपासणीला मात्र दर तीन महिन्यांनी यायचंच असं त्याने बजावलं आहे, हा आजार दहा वर्षांनीही डोकं वर काढतो. ते मी करीन.

भाऊजींना म्हणावं, माफीबिफी राहू द्या. स्टेशनवर घ्यायला या, आणि मला ओळखून दाखवा.

बेबी


६ मे

ती. सौ. ताईस,

नमस्कार. नीट पोचले. दुकानात जायला लागले आहे, अर्धा दिवस. स्वतःसाठी नवी फ्रेम निवडली, पॅड जवळ घेतले, बसली. गिऱ्हाइकं आधी कपाळाकडे बघतात, मग नाकाकडे, मग किंमत विचारतात.

एक गोष्ट तुला तिथे सांगितली नाही. सांगायची म्हणजे तुला ऐकू यावी म्हणून ओरडून सांगावी लागली असती, आणि आई शेजारीच.

तिसऱ्या दिवशी तू औषधं आणायला गेली होतीस आणि भाऊजी मागच्या खोलीत झोपले होते. आधीचे दोन दिवस तू पाहिलेसच. ती माझ्याकडे बघायची, नमस्कार करायची आणि तुला विचारायची, या कोण. आणि मग तासाभराने, बेबी कधी येणार. मी दोन्ही वेळा स्वयंपाकघरात निघून गेले होते. त्या दुपारी जायला जागा नव्हती. तिने मलाच विचारलं, कोण गं तू? मी आहे असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. म्हटलं, चष्मेवाली. तुमचा चष्मा बघायला आले.

तिने मुकाट्याने काढून दिला. काडी वाकडी झाली होती, काचा धुरकट. पुसल्या, काडी सरळ केली, आणि रोज परक्यांना घालते तसा दोन्ही हातांनी तिला घातला. कानामागे बसतोय का बघायला वाकले. माझं तोंड तिच्या तोंडाच्या अगदी पुढ्यात. तिला बऱ्याच दिवसांनी स्वच्छ दिसलं असावं. तिने बोट उचललं आणि माझ्या कपाळावरच्या व्रणावर ठेवलं. ते हळूहळू खाली नाकावर आणलं.

"हे काय गं?"

"ऑपरेशन झालं."

"कशाचं?"

"कॅन्सरचं."

"दुखलं?"

ताई, तू बरोबर होतीस. मी म्हटलं, "हो. खूप दुखलं."

तिने बोट तिथेच ठेवलं. मग म्हणाली, "तुझी आई आहे?"

"आहे."

"तिला माहीत आहे?"

"नाही."

"का?"

"म्हातारी झाली ती. तिला झेपायचं नाही."

रागावली गं. ती पूर्वी रागवायची, ओठ दाबून, तशीच्या तशी. म्हणाली, "म्हातारी झाली म्हणजे काय आई राहिली नाही? पोरीचं एवढं नाक कापलं आणि आईला पत्ता नाही! जा, आधी सांग तिला."

मी म्हटलं, "सांगते. पण ती काय म्हणेल?"

तिने विचार केला. खरंच विचार केला, कपाळाला आठ्या घालून. मग भिंतीकडे सरकली, बरीचशी, आणि उशीचं एक टोक माझ्यासाठी मोकळं केलं.

"काय म्हणणार? ये म्हणेल. दमलीस, पड जरा इथे."

तू परत आलीस तेव्हा मी तिच्या कुशीत झोपले होते. तू गदागदा हलवून उठवलंस आणि ओरडलीस, बेबी, लाज नाही वाटत, आजारी माणसाच्या कॉटवर लोळायला? मी उठले आणि चादर नीट केली. तुला एवढंच कळवायचं होतं, की आईला मी सांगितलं आहे.

तुझी,
बेबी